चौघांना माहीत होतं

हॅलो? … हो, मीच. बोल ताई. … नाही गं, अजून वर्कशॉपमध्येच आहे. थांब, ते ग्राइंडरचं चाललंय, काही ऐकू येत नाही. दार लावते. … हं. आता बोल.

… हो. काढलं. … अफवा कसली, खरं आहे ते. पण नोकरीवरून नाही काढलेलं, गटप्रमुखपदावरून काढलंय. फरक आहे. … अगं, मग पंधरा दिवस तो घरी का बसलाय? … रजा? रजा टाकलीय असं सांगितलं तुला? … बरं. आज कळलं ना, मग आज ओरड.

… झालं ओरडून? … नाही, चिडवत नाहीये. ओरड, ऐकतेय मी.

… 'तो' म्हणाले का मी? सवय गं, कामावर तसंच म्हणते. बरं, 'ते'. तुझे जावई. माझ्या भाचीचा नवरा. मला सगळी नाती पाठ आहेत, ताई, उजळणी नको. … हो, तूच म्हणालीस म्हणून घेतलं त्यांना. आणि काम चांगलं होतं म्हणून वर चढवलं, तुझ्या सांगण्यावरून नाही.

… कशाबद्दल म्हणजे? त्यांनी काय सांगितलं? … 'राजकारण झालं'? हे असं म्हणाले? … बरं. आता माझं ऐक. … अगं ऐक तर खरं! मध्ये बोलू नकोस.

तो मोठा दवाखाना आहे ना, वळणावरचा… हो, तोच. त्यांची लिफ्ट देखभालीला आपल्याकडे आहे. ब्रेक बदलायचा होता. जावयांच्या गटाने ठरल्यापेक्षा लवकर काम उरकून दिलं. साहेब खूश. सगळ्यांसमोर टाळ्या झाल्या. आणि आठवडा उलटायच्या आत ती लिफ्ट वरच्या मजल्यावरून घसरली. … आत? आत एक आजोबा, चाकाच्या खुर्चीत. आणि त्यांची नर्स. … नाही नाही, कुणी गेलं नाही. ताई, श्वास घे. लिफ्टला खालून एक पकड असते, ती घट्ट बसली म्हणून मध्येच अडकली. नर्सचं मनगट मोडलं. आम्ही दार उघडलं तेव्हा आत अंधार, आणि ते आजोबा तिला धीर देत होते… हो, मी स्वतः होते तिथे. तिला बाहेर ओढायला गेले ना, तर म्हणाली, आधी त्यांना घ्या.

… चुकून झालं, मान्य. ब्रेकचा गट्टू, म्हणजे चाक दाबून धरतो तो तुकडा, चुकीच्या मापाचा बसवला होता. चूक होते गं. चुकीसाठी मी आजवर एका माणसाला हात लावलेला नाही. विचार इथे कुणालाही. … मग काय? मग मी गटातल्या एकेकाला आत बोलावलं. आमची वायरिंगवाली बाई आली पहिली. … ती नाही का, मागे तुझ्या मिक्सरची वायर जोडून दिली होती? तीच. खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, मॅडम, मला दिसलं होतं. गट्टू नीट बसत नव्हता. मी म्हटलं, बाई गं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, मागच्या वेळी बोलले होते ना.

… मागच्या वेळी काय झालं होतं ते तुझ्या जावयांनाच विचार. … नाही? मग मी सांगते. तिने सगळ्यांसमोर काहीतरी शंका काढली. हे कोपऱ्यात गेले, झाडू आणला, तिच्या हातात दिला. म्हणाले, हे घ्या तुमचं हत्यार, डोकं आमचं आम्ही चालवतो.

… गंमत? … ताई, गंमत म्हणालीस तू? तुझ्या हातात दिला असता तर हसली असतीस?

… नाही, तेवढ्यावर नाही काढलं. पुढे ऐक. वेल्डरला बोलावलं. त्याला माहीत होतं. ऑइलिंगवाले काका, त्यांनाही माहीत. मोटरवाल्यालाही माहीत. चौघांना माहीत होतं, ताई! चौघं जेवताना आपापसांत बोललेसुद्धा, की हे काही खरं नाही. डबे धुतले आणि परत जाऊन मुकाट्याने नटबोल्ट आवळले. का? तर त्यांच्यासमोर तोंड कोण उघडणार?

… हो ना, आमचं सगळ्यात वेगवान काम त्याच गटाचं होतं. का नसणार? कुणी प्रश्नच विचारत नव्हतं! … अगं, आपलं काय शिवणकाम आहे, उसवलं तर परत टाका घातला? माणसं उभी राहतात त्यात. डोळे मिटून उभी राहतात.

… साहेब? साहेब आधी तुझ्याच बाजूने होते, काळजी करू नकोस. मला म्हणाले, सगळ्यात जास्त काम देणारा माणूस तुम्ही घालवताय. दुभत्या गाईच्या लाथा सोसाव्या लागतात. … मी? मी म्हटलं, साहेब, लाथ बसते त्या वायरिंगवालीला. तुम्ही नुसतं दूध पिता. … हो, असंच म्हटलं. तोंडावर. … फटकळ तर आहेच मी, लहानपणापासून. तुझ्याचकडून शिकले.

… नाही, तिथे नाही संपलं. आज सकाळी साहेब खाली आले. मनात हेच की जावयांना परत बसवायचं. सगळ्यांना लेथपाशी उभं केलं आणि विचारलं, कुणाची काही तक्रार आहे का त्यांच्याबद्दल? … कोण बोलणार! सगळे आपापल्या बुटांकडे बघतायत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बघा म्हणून. … नाही, मी नाही बोलले. जीभ नुसती वळवळत होती, पण दातांखाली धरली. मी बोलले असते तर ती माझी तक्रार झाली असती.

… मग ती बोलली. वायरिंगवाली. अगं, आवाज इतका थरथरत होता की पहिलं वाक्य कळलंच नाही कुणाला. साहेब म्हणाले, काय? तर परत बोलली. म्हणाली, साहेब, मी गप्प बसले म्हणून त्या पोरीचा हात मोडला. आता परत गप्प बसले तर पुढचं पाप माझ्या माथी. मला ते गटप्रमुख म्हणून नकोत. … हो! साहेबांसमोर! आणि मग काका पुढे आले. मग वेल्डर. तो तर तोतरा बोलतो, पण बोलला, आणि कुणी हसलं नाही.

… साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होते. मग मला म्हणाले, काम मागे पडलंय त्याचं काय? मी म्हटलं, पडलंय. अजून पडेल. आता माणसं थांबून विचारतात, त्याला वेळ लागतो. ते म्हणाले, आणि नाही सावरलं तर? मी म्हटलं, तर माझी खुर्ची घ्या. पण त्यांना माझ्या माणसांच्या डोक्यावर बसवू नका.

… हो, म्हटलं मी तसं. … वेडी नाही झाले. … साहेब 'बघू' म्हणाले आणि वर गेले. म्हणजे झालं. त्यांना नाही म्हणायचं असलं की ते बघत बसत नाहीत.

… कुणासाठी म्हणजे? परक्यांसाठी? … ताई, दिवसाचे दहा तास मी या परक्यांबरोबर असते. माझं बोट मशीनमध्ये आलं तेव्हा मला कुणी उचलून नेलं? … बरं, ते राहू दे. नाकापेक्षा मोती जड झाला की नाक तुटतं, एवढंच मला कळतं. मोती कितीही पाणीदार असू दे.

… येऊ देत ना! दार बंद केलंय का मी? हातात कसब आहे, ते कधी नाकारलं? उद्या येऊ देत. पण गटात. सगळ्यांबरोबरीने. आणि आधी तिची माफी. … नाही, माझ्या केबिनमध्ये नाही. झाडू सगळ्यांदेखत दिला होता ना? मग माफी कोपऱ्यात कशी? … त्यांना कमीपणा वाटेल? वाटू दे की. त्याने माणूस मरत नाही, लिफ्ट पडली की मरतो.

… रडू नकोस. … ताई. … काय म्हणालीस? … परत म्हण. … 'माझ्या घरी पाऊल टाकू नकोस'? … बरं. नाही टाकणार. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तूच ने मग. आणि ती डॉक्टरला शिव्या देते, तेव्हा हसू आवरायचं असतं, हे लक्षात ठेव. … नाही, मी माझा निर्णय बदलणार नाही. तू आजन्म बोलली नाहीस तरी नाही. तुझी आठवण येईल मला, खूप येईल. पण नाही.

… मागे कोण बोलतंय? … छकुली? तुझी लेक तिथेच आहे? कधीपासून? … स्पीकरवर आहे फोन? सगळं ऐकलं तिने? … दे तिला. … दे म्हणते ना!

हं, बोल बाळा. … बरी आहे गं मी. तू कशी आहेस? … काय विचारलंस? … हो, झाडू. खरं आहे. … काय? … 'तिकडेसुद्धा?'

… सुद्धा म्हणजे काय, छकुली?

… हं. … हं. … पाहुण्यांसमोर? … आणि गाडीची किल्ली तुझ्या हातातून काढून घेतली? भर रस्त्यात? … 'तुझं डोकं चालवू नकोस.' … हं. … कधीपासून चाललंय हे? … मग तू काय म्हणालीस? … काहीच नाही. … तू? शाळेत वक्तृत्वाला बाई घंटा वाजवून दमायच्या, तरी माईक न सोडणारी तू? … आईला सांगितलं होतंस? … तिला काय वाटेल म्हणून नाही. … नाही, रागावले नाहीये. तुझ्यावर तर मुळीच नाही. सांग, अजून सां—

हॅलो? … कोण? … ओहो, जावईबापू. तुम्हीही तिथेच. … अहो, फोन तिच्या हातातून का घेतलात?

… नाही, ऑफिसचं आपण उद्या ऑफिसात बोलू. … दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आहे? जा ना, आनंदाने जा. … देईन की शिफारस. खरी देईन. काम पहिल्या नंबरचं, पण हाताखाली माणसं देऊ नका. … अपमान? तुमचा झाला तो अपमान, आणि तिचा झाला ती गंमत? … धमकी कुणाला देताय? मी सकाळी साहेबांपुढे खुर्ची ठेवून आलेय, तुम्ही आता काय नेणार माझं?

… झालं? आता माझं ऐका. मी इथेच आहे, फोन ठेवत नाहीये. तो परत तिला द्या. … तुमची मॅडम म्हणून नाही सांगत, तिची मावशी म्हणून सांगतेय. … कौटुंबिक बाब आहे म्हणूनच सांगतेय. … ती बोलत होती.

… ती बोलत होती, जावईबापू.

… छकुली? … तूच ना? … आत्ता काय म्हणालीस त्यांना? मला नीट ऐकू आलं नाही, नुसता तुझा आवाज आला. … परत सांग. … 'माझं बोलणं संपलेलं नाही.' … असं म्हणालीस? … आणि ते? … गेले बाहेर. जाऊ देत. दार आपटलं ते ऐकलं मी. … तुझा आवाज थरथरतोय? थरथरू दे. आज सकाळी इथे एकीचा आवाज थरथरत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

… आई कुठेय? … तुझ्या शेजारी? काही बोलतेय का? … नुसती पाठीवरून हात फिरवतेय. … असू दे. तिलाही वेळ लागेल.

… एक मिनिट हं. काय रे? … साहेबांना सांग, मॅडम फोनवर आहेत. … घरचा आहे. वेळ लागेल म्हणावं. … कितीही लागेल!

हं, बोल. … पहिल्यापासून सांग, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून. … मी बसलेय खुर्चीत, अजून माझीच आहे ती. … नाही गं, मी नाही ठेवणार. तुझं सांगून झालं की तूच ठेव.