नाकातला डाग

हसू नका, पण मुंबईला डॉक्टरकी शिकून अकोल्याला परतलो, तेव्हा माझी पहिलीच रोगी हातची जाणार होती. शेजारच्या गंगाकाकी दिवसभर उन्हात कापसाच्या ढिगाची राखण करायच्या. त्यांच्या नाकावर एक न भरणारा व्रण वाढत चालला होता.

"काकी, ऊन टाळा. आणि नाकावरचा डाग काढावाच लागेल, नाहीतर जिवावर बेतेल."

काकींनी नाक झाकलं. "कावून काढू? मालक जित्ते हायेत माहे!"

"यात काकांचा काय संबंध?"

"त्याईनंच तं केला!"

मी हादरलो. "मारलं त्यांनी?"

"मारतीन कावून? कापसाचा भाव चढला, तं हौसेनं केला!"

"दुखतो का?"

"सोन्याचा डाग दुखते काय रे?"

तेव्हा कुठे आठवलं, आपल्या वऱ्हाडात डाग म्हणजे दागिना. मी व्रणाकडे बोट दाखवलं. "हा म्हणतोय मी."

"हा तं चट्टा होय! मंग काढ ना."

पण चट्टा नाकातल्या त्या सोन्याच्या फुलीला चिकटूनच होता. फुली काढल्याशिवाय चाकू लावता येईना.

काकी विचारात पडल्या. "मालकाईले समोर बसव. त्याईचा हात धरूनच डाग काढतो, म्हंजे जित्ते हायेत हे सगळ्याईले दिसन."

मालक येऊन बसले. फुली निघाली, चट्टाही निघाला, आणि रक्त पाहून मालक धाडकन आडवे झाले.

मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो, तर काकींनी माझा सदराच धरला.

"त्याईले मंग पाहय! आधी माहा डाग घाल!"