फ्लॅशवर मिळालेला पॉइंट

माझ्या कॅमेऱ्यावर हा एवढासा लेन्स का, असं विचारता ना? मग ऐका.

माझी तन्वी बारा वर्षांची, बॅडमिंटन खेळते. तिची मॅच गोंदियाला हॉलमध्ये होती. देवरीत लग्नाचे फोटो काढणारा माझा मित्र आधीच म्हणाला होता, "हॉलात उजेड कमी रायते. जास्त उजेड घेणारा लहान लेन्स घे. झूम कायले पाह्यजे?" मी दुकानात गेलो आणि हातभर लांब झूमच घेऊन आलो. दिसायला भारी होता.

हॉलमध्ये सगळे फोटो काळे यायला लागले. तन्वी म्हणजे नुसती पांढरी रेघ. शेवटी मी फ्लॅश लावला. निर्णायक गेममध्ये वीस-वीस झालं होतं. समोरची पोरगी शटल मारणार, तेवढ्यात मी बटण दाबलं. तिचे डोळे दिपले, शटल खाली पडलं. पंचांनी तन्वीला पॉइंट दिला.

तन्वी सर्व्हिस न करता सरळ पंचांकडे गेली. "सर, तो फ्लॅश माझ्या बाबांनी मारला. हा पॉइंट परत खेळू."

परत खेळले. तो पॉइंट ती हरली, पुढचाही हरली. मॅच गेली.

देवरीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. "काऊन सांगितलं बेटा? जिंकून राहिली होतीस ना!"

ती म्हणाली, "मी खेळून राहिली होती, बाबा. जिंकून तुम्ही राहिले होते."