टोकं की चकरी

आमच्या शेजारच्या काकांच्या मासे धरायच्या गळाचं सांगितलं का तुम्हाला? काका रिटायर झाल्यावर मुलाने परदेशातून तो पाठवला. मासा खोल पाण्यात असला की दोरीचं तरंगणारं टोक काढून बुडणारं टोक गाठ मारून लावायचं. काकांचे हात थरथरतात, म्हणून ती गाठ मी मारतो. माझा प्रत्येक रविवार नेरजवळच्या तलावावर त्यांच्यासोबत जातो.

परवा मुलाचा फोन आला, काकांनी तो स्पीकरवर टाकला. "बाबा, नवीन टोकं पाठवू की बुडणाऱ्या दोरीची अख्खी चकरीच पाठवू? चकरी खटकन बदलते, गाठीची भानगडच नाही."

काकांनी मला विचारलं, "सांग बावा, काय मागवू?"

मी खरं तेच सांगितलं. "चकरीच बरी, काका. मंग तुमाले एकट्याले जमन." पण आवाज कसातरीच निघाला.

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग फोनवर म्हणाले, "टोकंच पाठव."

"काहून? गाठ कोण मारन?"

"हा मारते ना. चकरी आली तं दिवसभर मी चकरीसंग बोलू का?"

मुलगा हसला. "बाबा, तो तरी कुठं बोलते?"

"नसन बोलत. आयकते तं!"