मागनं घसरणारी गाडी

नगं, जीप नगं — जीपचं डोकं जड, आडवी घसरायला लागली की सरळ उताणी पडती — उभी हयात मिल्ट्रीत ड्रायवरकी केलीया मी, लडाखात बर्फावर ट्रक आडवं करून वळवल्यात, एकाहत्तरच्या लढाईनंतर घरी आलो, तवा जीपचं कवतिक मला नगा सांगू. ही अँबॅसिडर? बरी हाय, पर अंगानं लय जड, एकदा घसरली की थांबायचं नाव न्हाई. ती फियाट दावा. न्हाई न्हाई, बॉनेट उघडू नका, इंजिन कोण बघतंय — मी मागली चाकं बघतो. मेंढा घेताना आमी धनगर मागलं पाय दाबून बघतो, हितं बी तसंच — जोर मागल्या चाकांत पायजे, टायर पार गुळगुळीत पायजे, आन् हातबिरेक वढला की चाकं जाग्यावर धरली पायजेत. हसताय व्हय, आप्पासो? गुळगुळीत टायर मागणारं गिऱ्हाईक कवा बघितलं नसंल. आज बघा.

कशाला पायजे म्हणता? आवं, पलूसकडं जत्रंला खेळ लावत्यात न्हवं — रानात निशाण रवायचं, त्येच्याभवती गाडी आडवी घसरवत फिरवायची, निशाण पडलं की बाद. लालासाहेबाचा खेळ. उसाचा पैसा, त्येला जिरवायला काय तरी पायजेच की. दरसाली तोच जितणार, आन् आपली फेरी झाली की निशाणाजवळ खुर्ची टाकून, फेटा सावरत, बाकीच्यांच्या फेऱ्या बघत बसणार. पर हा खेळ तो शिकला कुठं, ठावं हाय? आमच्या मेंढरांच्या कडंला. त्येनंच बोलावलं हुतं — रानात मेंढरं बसवा, लेंडीखत हुईल, ज्वारी दितो म्हणाला. माझा धाकटा भाऊ केरबा कळप घिऊन गेला. एक दिवस भर दुपारी हा दोस्तांस्नी घिऊन शेजारच्या पडीक रानात गाडी घुमवाया लागला — धुरळाच धुरळा, मेंढरं बुजली, कोकरं पांगली — आन् केरबा हात पसरून मधी धावला.

आता बघा — जनावराचं तोंड जिकडं, तिकडं जनावर जाणार, हे आमच्यात पोराटोरांस्नी ठावं. केरबानं गाडीचं तोंड बघितलं आन् बाजूला झाला. शाणपणच केलं की त्येनं. पर तोंड एकीकडं आन् गाडी चालली दुसरीकडं — मागलं अंग फिरून आलं ते केरबाच्या कंबरंवर. तवाधरनं पडून हाय. मी त्येला उचलून उनात ठेवतो, उचलून आत आणतो, आन् तो मला अजून इचारतो — दादा, तिचं तोंड तर पल्याड हुतं, न्हवं? ह्ये तुमाला सांगणार न्हवतो मी, आप्पासो, तोंडातनं गेलं. फौजदारानं लिवलं, धनगर आडवा आला. आन् लालासाहेब माझ्या म्होरं हसला — मेंढरामागं हिंडून अक्कल बी मेंढराचीच झालीया म्हणाला. त्या हसण्यानं मला झोप न्हाई.

तवा मी जाणार जत्रंला. आन् निशाणाला शिवणार बी न्हाई. गाडीचं तोंड निशाणाकडं ठेवीन, समद्या जत्रंला वाटंल निशाणाकडं चाललाय गडी — आन् मागलं अंग जाईल लालासाहेबाच्या खुर्चीवर. मग म्हणीन, घसरली वो. खेळच हाय घसरायचा.

चावी कशाला काढून घेतली, आप्पासो? बसा, बसा खाली, घाम पुसा. तुमची बहीण लालासाहेबाला दिलीया हे मला ठावं नसंल असं वाटलं व्हय? सांगलीत गाड्या इकणारं तुमी एकलंच हाय का? ठावं हाय म्हणून तर ह्याच दारात आलो. जावा, सांजच्या एस्टीनं जावा आन् दाजींना समदं सांगा. दाजी फौजदाराकडं पळतील. फौजदार इचारंल — गाडी कुठली, रंग कुठला? काय सांगाल? मी तर तुमच्याकडनं काय घेतलंच न्हाई. घीन कुठनं तरी, कराडातनं घीन, कोल्हापुरातनं घीन — न्हाईतर औंदा घेणार बी न्हाई, पुढल्या साली घीन. हाय काय आन् न्हाई काय, मला कुठं घाई हाय? तवर जत्रंत येणारी परतेक गाडी बघून त्येनं खुर्ची सोडून उठलं पायजे. आन् एक सांगा — गाडीच्या तोंडाकडं बघून भागणार न्हाई म्हणावं.

उठा आता. एस्टी चुकंल.