रिकामी वाटी

मंडळी, ऐका. आज तुम्हाला एक प्रश्न घालतो. उत्तराची घाई करू नका, घाईची उत्तरं घरच्यांसाठी ठेवा.

देणारा मोठा, की घेणारा मोठा?

बघा, पुढच्या रांगेतून लगेच आवाज आला, "देणारा." येणारच. आपण सगळे देणारे. देवळात पंखा दिला, त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून एक गृहस्थ मला म्हणाले, "बुवा, उन्हाळ्यात जरा हळू फिरवायला सांगा." बाक दिला, त्याच्या पाठीवर नाव. आता मला सांगा, बाकावर बसणाऱ्याची पाठ कुठं टेकते? त्याच नावावर! देणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याची पाठ, यांची अशी रोज भेट होते, आणि दोघंही एकमेकांना ओळखत नाहीत.

तर उत्तर राहू द्या. गोष्ट ऐका. मग हवं तर पुन्हा विचारतो.

भोरवडे नावाचं गाव. घाटाच्या पायथ्याशी. तिथं मधुसूदन खळदकर नावाचे रंगाच्या दुकानाचे मालक. वय साठीला टेकलेलं, आवाज खणखणीत, मिशी कात्रीनं कापलेली. माणूस चांगला — अगदी चांगला. शाळेच्या भिंतींना रंग यांचा, गणपतीच्या मांडवाला रंग यांचा. पण एक खोड. कुणाचं काही घ्यायचं नाही. शेजारणीनं वाटीभर खीर पाठवली, की यांचा बायकोला हुकूम सुटायचा, "नलू, वाटी आजच्या आज परत गेली पाहिजे. आणि भरून."

आता वाटी रिकामी परत करू नये, ही आपली रीतच आहे. माझ्या घरीही आहे. पण आपण परत करतो चार दिवसांनी, आठवण झाली की. मधुकाका करायचे संध्याकाळपर्यंत, आणि खिरीच्या वाटीत श्रीखंड. शेजारीण बिचारी खीर करायला घाबरायला लागली. यांना वाटायचं, रीत पाळतो. खरं काय होतं? उपकार घरात रात्रभर मुक्कामाला राहायला नको!

पुढं काय झालं, काकांच्या छातीत कळ आली. शहरात नेलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. भेटायला गाव लोटलं. कुणी शहाळं आणलं, कुणी मोसंबी. काका घरी आले, आणि आठवड्याभरात एक शहाळं आणणाऱ्याच्या दारात दोन शहाळी पोचली. हसता काय? तुमच्यातही आहेत असे. खांबाला टेकून बसलेले ते गृहस्थ मुळीच हसत नाहीयेत, म्हणजे बाण लागला.

डॉक्टर म्हणाले, चाला. काका चालले. चालता चालता पळायला लागले. पहाटे एकटे टेकडीवर जायचे. फोन नाही, सोबत नाही. गावात पळणाऱ्यांचा एक गट होता, शाळेतल्या वर्षाबाई तो चालवायच्या. त्या म्हणाल्या, "काका, रविवारी आमच्याबरोबर या." काका म्हणाले, "मला कुणी लागत नाही."

आणि घरी नलिनीकाकू खिडकीत उभ्या. हे गृहस्थ परत दिसेपर्यंत चहाचं आधण उकळून उकळून आटायचं. त्या बाईला जाळी बसवली नव्हती, पण कळ रोज यायची.

अशात त्या गटानं शर्यत ठरवली. डोंगरवाटेची अर्धमॅरेथॉन. सडकेवरून नाही — खडकातून, करवंदीच्या जाळीतून, वर धनगरवाड्याच्या खालून वळसा घालून परत गावात. काकांनी नाव घातलं. तेव्हा मात्र काकू बोलल्या. मंडळी, फार न बोलणारी बाई बोलली की वाक्य छोटं असतं. म्हणाल्या, "अहो, ते लोक जी वेळ देतील त्या वेळेत आलात, तर पुढं खुशाल पळा. नाही आलात, तर बूट माळ्यावर. मला रोज सकाळी विधवा होऊन बघायचं नाही."

काकांनी बुटांकडं बघितलं. कारण बूट माळ्यावर म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक. जाळी बसल्यापासून सगळं घर त्यांना काचेच्या भांड्यासारखं हाताळत होतं. दुकानात शिडीला हात लावला की नोकर धावत. त्या टेकडीवर तेवढे ते धडधाकट असायचे. ते गेलं की उरलं काय? खुर्ची आणि गोळ्यांची डबी. म्हणाले, "कबूल."

शर्यतीचा दिवस उजाडला. वाटेत ठिकठिकाणी गावकऱ्यांनी पाणी ठेवलेलं, गूळ ठेवलेला, लिंबाच्या फोडी. आणि वाट कळावी म्हणून झाडांना तांबड्या कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. चिंधी दिसली की तिकडं पळायचं. सोपं. पण आपल्याकडं सोपं फार वेळ सोपं राहत नाही.

धनगरवाड्याच्या वर वाघजाईचं झाड आहे. जुनं उंबराचं. नवस बोलायचा, की त्या झाडाला तांबडी चिंधी बांधायची. फळला, की सोडायची. पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. आदल्या संध्याकाळी वाडीतल्या बायका मोळ्या घेऊन येत होत्या. बघतात तर काय, साऱ्या रानात तांबड्या चिंध्या! त्यांच्यातली सगुणाबाई म्हणाली, "अगं बया, गावावर मोठं संकट आलेलं दिसतंय. केवढे नवस बोललेत! आणि बांधलेत बघा कुठं, करवंदीला न् बाभळीला. देवी तिकडं, नवस हिकडं. पोचायचा कसा?" बाया कनवाळू. शर्यतीची वाट जिथं डावीकडं वळते, त्या फाट्यापासून पुढच्या सगळ्या चिंध्या त्यांनी सोडल्या आणि उजवीकडच्या वाटेनं वाघजाईपर्यंत नीट बांधून दिल्या. वर दोन ओळी देवीला सांगितल्यासुद्धा — गावची माणसं आहेत, त्यांना कळत नाही, सांभाळून घे.

आता याला चूक म्हणणार का तुम्ही? मी नाही म्हणणार. मी तर म्हणतो, आपल्यासाठी कोण कोण काय काय मागून ठेवतं, आपल्याला पत्ता तरी असतो का?

फाट्यावर वर्षाबाई स्वतः उभ्या होत्या. त्यांना वाट पाठ, त्या सगळ्यांना डावीकडं लावत होत्या. चिंध्या उजवीकडं कशा गेल्या, याचं कोडं त्यांनाही पडलं होतं, पण तोंडानं सांगत होत्या, आणि तिथून पुढं वाट सरळ गावातच उतरते, त्यामुळे कुणी चुकलं नाही. मग आले मधुकाका. पाण्याच्या प्रत्येक टेबलावर त्यांनी हात जोडून "नको" म्हटलेलं. स्वतःची बाटली होती ना! ती केव्हाच संपली होती. ओठ सुकलेले.

वर्षाबाई म्हणाल्या, "काका, डावीकडं."

काकांनी बघितलं. चिंध्या उजवीकडं. म्हणाले, "खुणा दिसतात मला, बाई."

"काका, ऐका तर —"

ऐकतात कसले? मंडळी, कुणाचं पाणी घ्यायचं नाही इथपर्यंत समजू शकतो. पण या गृहस्थांना फुकटचा रस्तासुद्धा नको! उजवीकडं वळले आणि पळत सुटले. मागून वर्षाबाई हाका मारतायत, तोवर आणखी पळणारे आले, बाईंना फाटा सोडता येईना.

काका निघाले. चिंधीमागून चिंधी. चढ वाढला, ऊन वाढलं, आणि वाट संपली. समोर उंबर, त्याला शेकडो चिंध्या लोंबतायत, आणि खाली एक बकरी पाला खात त्यांच्याकडं बघतेय. ना माणूस, ना पाणी. काकांच्या लक्षात आलं, आपण चुकलो. वेळ गेली. बूट गेले. आणि छातीत धडधड — ही पळण्याची, की ती जुनी? घसा इतका कोरडा, की देवीचं नाव घ्यायला जीभ वळेना. बुंध्याला पाठ लावून खाली बसले.

तेवढ्यात मागून आवाज. "का वं दादा, पळत कशापायी आलासा? वाघ लागला का मागं?"

सगुणाबाई. बकरी तिची. काकांनी कसंबसं सांगितलं, शर्यत, खुणा, चिंध्या. तिनं कपाळाला हात लावला. "अवो, ते नवस नव्हते व्हय? आमी म्हटलं, बरी माणसं हायेत, पोचवूया देवीपाशी." मग त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "पांढरंफट्टक पडलंय की तोंड. थांबा." घर हाकेच्या अंतरावर. काशाच्या वाटीत नाचणीची आंबील घेऊन आली, वर ताक, मिठाचा खडा.

काका सवयीनं म्हणाले, "नको, चालेल."

"काय चालंल? तुमास्नी उभं ऱ्हाता येईना, चालतंय काय?"

काकांचा हात सवयीनंच खिशाकडं गेला. काहीतरी द्यावं आणि मग घ्यावं. पण पळायच्या चड्डीला खिसा कुठला? मंडळी, हा क्षण बघा. साठ वर्षांत पहिल्यांदा या माणसाजवळ द्यायला काही नाही. दुकान खाली गावात, नाव शाळेच्या भिंतीवर, आणि इथं हा तहानलेला जीव आणि एक वाटी.

घेतली. दोन्ही हातांनी घेतली. प्याले. ती सोबत आणलेल्या गाडग्यातून आणखी ओतत गेली, हे पीत गेले. जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर खोडही आली. मनगटावरचं घड्याळ आत्ता आठवलं, ते सोडलं. "हे ठेवा, बाई."

ती हसायला लागली. "घड्याळ? येळ बक्कळ हाय आमच्याकडं."

"मग ही वाटी तरी मी घेऊन जातो. उद्या भरून पाठवतो. आमच्यात रिकामी वाटी परत करत नाहीत."

"अवो दादा," सगुणाबाई म्हणाली, "वाटी रिकामी नाय दिली, तर दुसरं कोण आलं तर त्याला कशात देऊ?"

ऐकलंत? पुन्हा सांगत नाही. तबलजी, जरा ठेका धरा.

देता हात वर राही, त्याच्या अंगठीला भाव ।
घेता हात खाली वाके, तेथे उतरे माधव ॥

काका त्या वाटीकडं बघत राहिले. आयुष्यभर आलेली प्रत्येक वाटी त्यांनी भरून परत केली, आणि समोरच्याच्या हातात पुन्हा देण्याची जागाच ठेवली नाही! शहाळं आणणारा काय शहाळ्याच्या मोबदल्याला आला होता? तो काकांसाठी आला होता. आणि काकांनी त्याला दोन शहाळी देऊन वाटेला लावलं. नलिनी खिडकीत उभी राहायची, तेही एक देणंच होतं. ते कधी घेतलं आपण? ती म्हणायची सांभाळून जा, आपण म्हणायचो मला काही होत नाही. डोळ्यांत पाणी आलं काकांच्या. रिकामी वाटी तिच्या हातात दिली. म्हणाले, "लई बरं वाटलं, बाई." ती म्हणाली, "मग झालं की."

फाट्यापर्यंत ती सोडायला आली. मागं वळून "जावा सावकाश" म्हणाली, आणि बकरीमागं निघून गेली.

काका डावीकडच्या वाटेनं उतरायला लागले. वेळ तर गेलीच होती. पण आता गंमत सुरू झाली. पाण्याची टेबलं आवरायला घेतलेली. काका प्रत्येक ठिकाणी थांबायचे. "थोडं पाणी मिळेल का हो?" सकाळी हात जोडून पुढं गेलेला माणूस! त्या लोकांनी बांधलेली पिंपं पुन्हा उघडली. तहान पहिल्या पेल्यात भागली होती, तरी काका प्रत्येकाचं पाणी प्याले, गूळ घेतला, लिंबाची फोड चोखली. एक बाई म्हणाली, "काका, अजून घ्या." काकांनी अजून घेतली. पोट डुगडुगायला लागलं. कृतज्ञता फार झाली तर पळता येत नाही, हेही त्या दिवशी त्यांना कळलं.

गावात पोचले तेव्हा कमान उतरवत होते. टाळ्या वाजवणारे घरी जेवायला गेलेले. एका खुर्चीवर नलिनीकाकू बसलेल्या, मांडीवर टॉवेल. शेजारी वर्षाबाई, डोंगरावर शोधायला निघालेल्या, रडवेल्या. धावत आल्या. "काका, चूक आमची. खुणा हलल्या, मला तुमच्यामागं यायला हवं होतं. तुम्ही सगळ्यांपेक्षा जास्त पळालात. आम्ही तुम्हाला वेळेत धरलंय. हे पदक घ्या."

काकूंनी मान वर केली. तिला ठाऊक होतं आता काय होणार. हे म्हणणार, फुकटचं नको मला. पाठ फिरवणार. कितीतरी वर्षं बघितलेली पाठ!

मधुकाकांनी मान वाकवली. पदक गळ्यात पडलं. म्हणाले, "चूक माझी होती बाई, तुम्ही वाट सांगितली होती. पण घेतो. बरं वाटतंय घ्यायला."

काकूंच्या मांडीवरचा टॉवेल खाली पडला.

मग ते बायकोसमोर बसले. खाली, जमिनीवर. "नलू, त्यांनी वेळेत धरलं तरी मी उशिरा आलो. बूट तू म्हणशील तिथं. आणि वाकता येत नाहीये, जरा सोडतेस का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं तिच्याकडं "सोडतेस का" म्हणून काही मागितलं नव्हतं. तिनं नाड्या सोडल्या. बूट काढले. धूळ झटकली. बूट जोडीनं मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "माळ्यावर नको. पण एकटे जाणार नाहीत हे बूट."

काका वर्षाबाईंकडं वळले. "बाई, रविवारी तुम्ही मंडळी किती वाजता निघता? मला घ्याल का बरोबर?"

मंडळी, आता पुन्हा विचारतो. देणारा मोठा, की घेणारा?

आता कुणी बोलत नाही. बरं झालं. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी खिडकीत उभं आहे, कुणीतरी वाटी घेऊन दारापर्यंत येऊन परत गेलंय. सून विचारते, "बाबा, औषध आणू का?" आपण म्हणतो, "माझं मी बघतो." मुलगा म्हणतो, "पिशवी द्या." आपण म्हणतो, "अजून हात चालतात माझे." अहो, चालतात ना हात? मग पुढं करा की! या देहात स्वतःचं असं आपण काय आणलं? श्वाससुद्धा बाहेरून घ्यावा लागतो, आणि तो आजवर कुणी भरून परत केलेला नाही.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. आज जो कुणी काही देईल, ते घ्या. हिशोब नको, उद्याची तयारी नको. "बरं वाटलं" म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जाईल, मला कल्पना आहे.

आता प्रसाद येतोय. मघाशी मी बघितलं, बऱ्याच जणांच्या एका हातात फोन आहे. तो खाली ठेवा. दोन्ही हात जोडून पुढं करा, ओंजळ करा. देव देताना मोजत नाही, आपणच बोटं अर्धी मिटून धरतो.

उघडा हात. हां, असे.