व्हीलचेअर परवानगीशिवाय नेल्याबाबत

मी, नेलिदा उर्किसु बार्रोन, वय ५६ वर्षे, धंदा नोकरी (फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला मज्जासंस्था व तिचे आजार हा विषय शिकवणे), राहणार रेकोलेता टेकडीचा उतार, सुक्रे. हवालदार मेन्दिएता यांनी बोलावल्यावरून ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. एकोणीस वर्षे हाच विषय शिकवत आहे. माझ्याविरुद्ध तक्रार अशी आहे की, गेल्या मंगळवारी मी रुग्णालयातील व्हीलचेअर परवानगीशिवाय नेली, एक रुग्ण डिस्चार्ज न घेता बाहेर काढला, त्या रुग्णाशी खोटे नाते लिहून दिले आणि कामावरील डॉक्टरांचा अपमान केला. यातील पहिल्या तीन गोष्टी मी केल्या आहेत. चौथी केलेली नाही. जबाब इथेच संपायला हरकत नव्हती. परंतु कारण लिहिल्याशिवाय कागद पुढे जात नाही असे हवालदारांचे म्हणणे पडले, म्हणून पुढील हकीकत सांगते.

मंगळवारी सकाळी माझ्या वर्गात तपासणीचा सराव होता. त्यात विद्यार्थी जोडीजोडीने बसतात. एकाने टेबलाच्या कडेवर बसून पाय सैल सोडायचे आणि दुसऱ्याने गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारायची. पाय आपोआप उडतो. उडाला तर गुडघ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत जाणारी आणि परत येणारी वाट शाबूत आहे असे समजायचे. मेंदूत बिघाड असेल तर पाय जास्त उडतो, बाहेरच्या नसांत बिघाड असेल तर कमी उडतो किंवा उडतच नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी निम्मा वर्ग परीक्षेत उलटे लिहितो.

ओविदियो बार्हा या विद्यार्थ्याची जोडी एरलिंदा यूक्रा सांदी, वय २०, मूळ राहणार पादिया, हिच्याबरोबर होती. ओविदियोने मला हाक मारून सांगितले, "मॅडम, हिचा गुडघा बंद पडलाय." वर्ग हसला. एरलिंदाही हसली. मी त्याला सांगितले की हातोडी मनगटातून सोडायची असते, खिळा ठोकायचा नसतो. हे वाक्य एकोणीस वर्षांत किती वेळा बोलले याचा हिशोब नाही. त्याने पुन्हा मारून पाहिले. काही झाले नाही. तेव्हा चिडून मी हातोडी त्याच्या हातातून घेतली.

मी एरलिंदाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितले. असे केले की लपलेला झटकाही बाहेर येतो. तिचे दोन्ही गुडघे उडाले नाहीत. घोटे उडाले नाहीत. कोपरांत अगदी जेमतेम काही होते. त्या वेळी मागच्या बाकावरील तिघांची चर्चा चालली होती की ड्रायव्हरांच्या रस्ता रोकोमुळे मधल्या सुट्टीत खायला साल्तेन्या कुठून आणायच्या. मी त्यांना गप्प बसायला सांगितले, ते दुसऱ्यांदा सांगितल्यावर बसले.

विचारल्यावर एरलिंदाने सांगितले की रविवारपासून पायाच्या बोटांना मुंग्या येत आहेत. सोमवारी जिना चढताना कठडा धरावा लागला. तिला वाटले नवीन बूट चावत आहेत. त्याआधी पंधराएक दिवस जत्रेत काहीतरी खाऊन तिचे पोट बिघडले होते आणि ते चार दिवस तसेच होते. हे मला आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "परवा परीक्षा आहे ना मॅडम. तुम्ही म्हणाला असता, हिचे बहाणे सुरू झाले." यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही.

मी तिला एक खोल श्वास घेऊन तेवढ्याच श्वासात आकडे मोजायला सांगितले. तिच्या वयाची धडधाकट मुलगी पस्तीसच्या पुढे जाते. ती बावीसला थांबली. आता मात्र वर्ग न सांगता गप्प झाला, कारण आदल्याच आठवड्यात हा आजार शिकवून झाला होता. या आजारात, पोट बिघडण्यासारख्या दुखण्यानंतर, शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच नसांवरचे आवरण खाते. सुरुवात पायांपासून होते आणि वर चढत जाते. लोक पायांची काळजी करत बसतात. काळजी श्वासाची करायची असते.

माझे पाच विद्यार्थी व मी मिळून तिला दोन गल्ल्या खाली असलेल्या रुग्णालयात नेले. तिथे इमर्जन्सीत डॉ. फाबियान तेहेरिना एकटेच कामावर होते. त्यांचे जोडीदार डॉक्टर रस्ता रोकोत अडकले होते आणि समोर चाकूने भोसकलेला एक माणूस होता. ही गोष्ट त्यांच्या बाजूने आहे, ती लिहून घ्यावी.

डॉक्टरांनी एरलिंदाच्या बोटाला क्लिप लावली. ऑक्सिजन चांगला आला. नाडी जलद होती. परीक्षा आहे का, असे त्यांनी विचारले. ती हो म्हणाली आणि रडू लागली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नसा आहेत, दुसरं काही नाही." आमच्या शहरात भीती, रडू, छातीतली धडधड, सासूशी भांडण, सगळ्यालाच नसा म्हणतात, हे हवालदारांना माहीत आहे. मी म्हणाले, "नसाच आहेत डॉक्टर, मीही तेच सांगतेय." ते म्हणाले, "मग झालं तर. आपलं एकमत आहे." आणि त्यांनी शांत झोप लागण्याचे इंजेक्शन द्यायला सांगितले.

हवालदारांनी इथे मला मध्येच विचारले की दोघांचे एकमत होते तर भांडण कशावरून झाले. मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले. तो भाग लिहिलेला नाही.

मी डॉक्टरांना गुडघा तपासायला सांगितले. हातोडी इमर्जन्सीत नसते, असे ते म्हणाले. मी माझी दिली. त्यांनी एकदाच मारली आणि मुलगी पाय आवळून धरते आहे, मन आवळले की गुडघाही आवळतो, असे सांगितले. मी म्हणाले, "गुडघ्याला परीक्षेची तारीख माहीत नसते, डॉक्टर. घाबरलेल्या माणसाचा गुडघा उलट जास्त उडतो." अपमान म्हणून तक्रारीत हेच वाक्य लिहिले आहे. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात बोलते, आणि आजवर एकाही वर्गाने तक्रार केलेली नाही.

मी पुढे असेही सांगितले की बोटाच्या क्लिपवर जाऊ नका, ती सगळ्यात शेवटी बोंबलते. छातीचे स्नायू आधी थकतात. थकलेल्या माणसाला औषधाने झोपवले तर तो श्वास घ्यायलाही उठत नाही. डॉक्टर भोसकलेल्या माणसाकडे वळले. त्याला खरोखरच रक्तस्राव होत होता. मी बिछाना आणि इंजेक्शनचा ट्रे यांच्या मधोमध उभी राहिले. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिले, ट्रे खाली ठेवला आणि त्या कसलीतरी वस्तू शोधायला आत गेल्या. कोणती वस्तू ते मला माहीत नाही. त्यांचे नाव मी विचारलेले नाही आणि विचारले असते तरी सांगितले नसते.

एरलिंदाला पुन्हा मोजायला लावले. ती सोळाला थांबली. आता तिला डोळे घट्ट मिटता येत नव्हते, पापण्यांखाली पांढरी रेघ राहत होती. श्वासाचे यंत्र असलेला अतिदक्षता विभाग वरच्या मोठ्या रुग्णालयात आहे. रुग्णवाहिका अंगणात उभी होती, तिचा ड्रायव्हर भिंतीला टेकून मोकोचिंचीचे सरबत पीत होता. डॉक्टरांच्या सहीशिवाय गाडी हलत नाही, आणि सही झाली तरी पुढे रस्ता बंद आहे, असे त्याने सांगितले. काउंटरवर रुग्णाला घेऊन जायला नातेवाईक लागतो, असे सांगण्यात आले. तिची आई पादियात आहे आणि तिथून येणाऱ्या गाड्याही बंद होत्या. मी मावशी असे लिहिले. व्हीलचेअर दारापाशी रिकामी होती.

चढावर विद्यार्थी आळीपाळीने ढकलत होते. आमच्या शहरातले दगडी रस्ते व्हीलचेअरसाठी केलेले नाहीत. मी बाजूने चालत एरलिंदाची मान धरली होती, कारण ती आता एका बाजूला कलत होती.  वाटेत ती एकदाच म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेत येईल का?" ओविदियो तिला म्हणाला की तू गप बस, दम वाचव. त्या दिवशी त्याचे तेवढेच एक वाक्य बरोबर होते.

चौकात ट्रक आडवे लावले होते, मध्ये दगडांची रांग होती आणि एक टायर जळत होता. ड्रायव्हर संघटनेचे सेवेरो नावाचे एक जाडजूड गृहस्थ पुढे आले. पांढरे कोट पाहून त्यांना वाटले की आम्ही आमचा वेगळाच मोर्चा काढला आहे. ते म्हणाले, "बाई, आज इथून कुणी जाणार नाही. रुग्णवाहिका असती तर बघितलं असतं." मी म्हणाले, रुग्णवाहिका नाही म्हणूनच ही खुर्ची आहे. ते म्हणाले की अशी सोंगे सकाळपासून तीन झाली, एक बाई तर पोटाला उशी बांधून आली होती.

वाद घालण्याइतका वेळ नव्हता. मी एरलिंदाला सांगितले, "मोज." तिने श्वास घेतला आणि मोजू लागली. आवाज नाकातून येत होता. ती नवापर्यंत गेली. दहा म्हणायला तिने तोंड उघडले, पण त्यातून काही आले नाही.

सेवेरोंनी तिच्या तोंडाकडे पाहिले. मग मागे वळून आपल्या माणसांना म्हणाले, "दगड काढा. ट्रक राहू द्या, बाजूने जातील." त्या दगडांतच खुर्चीचे पुढचे चाक वाकले. तक्रारीत लिहिलेले नुकसान ते हेच. त्यानंतर खुर्ची ढकलता येत नव्हती, म्हणून सेवेरो, त्यांचे तीन ड्रायव्हर आणि ओविदियो यांनी ती उचलून वर नेली. चौकात या ठाण्याचे दोन शिपाई हजर होते. त्यांनी आम्हाला अडवले नाही. एकाने हात दाखवून वाहतूक थांबवली. वाहतूक नव्हती.

वरच्या रुग्णालयात मेंदूविकाराचे डॉक्टर धावत आले. त्यांनी गुडघा तपासला, मोजायला लावले, ती सहाला थांबली, आणि तिला थेट आत घेतले. कोणीही परीक्षेबद्दल विचारले नाही. संध्याकाळी तिच्या घशात नळी घालून तिला यंत्रावर ठेवले. खाली झोपेचे इंजेक्शन दिले असते तर काय झाले असते, याबद्दल त्या डॉक्टरांनी मला एक वाक्य सांगितले. ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. व्हीलचेअर मी बुधवारी चाक दुरुस्त करून परत दिली. ती घेतल्याची पावती द्यायला कोणी तयार नव्हते.

डॉ. तेहेरिना गुरुवारी ड्यूटी संपल्यावर वर आले आणि अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्याशी बोलले नाही. बोलायला हवे होते, असे ओविदियोचे म्हणणे आहे. माझे तसे म्हणणे नाही. तक्रार त्यांनी केलेली नसून रुग्णालयाच्या ऑफिसने केली आहे, हे मला आज इथे आल्यावर कळले.

एरलिंदा आजही यंत्रावर आहे. तिला सगळे ऐकू येते, सगळे कळते, हलवता काही येत नाही. तिचे हातपाय आखडू नयेत म्हणून माझे विद्यार्थी पाळीपाळीने जाऊन प्रत्येक सांधा हलवतात. चुकीचा हलवतात, मी दुरुस्त करते. परीक्षा मी पुढे ढकलली आहे. त्याबद्दल कॉलेजनेही माझ्याकडे खुलासा मागितला आहे, तो स्वतंत्रपणे देईन.

रस्ता रोको सुटल्यावर एरलिंदाची आई शुक्रवारी पादियाहून आली. सोबत तिने उकडलेल्या मक्याची कणसे आणली होती. आत तिची मुलगी नळीवर आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. काचेपाशी उभे राहून तिने मला विचारले, "ती पुन्हा चालेल का?" वर्गात हा प्रश्न येतो तेव्हा मी उत्तर आकड्यांत देते. इतके चालतात, इतके काठी घेऊन चालतात, इतके यंत्रावरून उतरत नाहीत. तिच्या आईला मी काय सांगितले, ते या जबाबात लिहिण्याची गरज नाही.

वरील सर्व मजकूर हवालदार मेन्दिएता यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "हिसकावली" हा शब्द होता, तो खोडून "नेली" असा करून घेतला आहे. एरलिंदा यूक्रा ही तुमची कोण, या रकान्यात काय भरायचे असे त्यांनी दोनदा विचारले. विद्यार्थिनी असे भरावे. बाकी मी सांगितले तेच लिहिले आहे आणि ते खरे आहे. माझी दुपारची पाळी सुरू झाली आहे, म्हणून सही करून निघते.

नेलिदा उर्किसु बार्रोन