रणनवऱ्यांची चाल

मंडळी, जरा सरसावून बसा. खांबाला टेकलेल्यांनी डोळे उघडे ठेवा, तुमचं घोरणं माझ्या टाळकऱ्यांच्या ठेक्यात बसत नाही! आधी एक सवाल टाकतो. घराची अब्रू कशी असावी? सोन्यासारखी, की लोण्यासारखी? सोनं उन्हात ठेवलं तर झळकतं. लोणी ठेवलं तर — गेलं! मग ज्या घराची अब्रू सुनेला ऊन लागलं की जाते, ती अब्रू सोन्याची की लोण्याची? आत्ता माना हलवू नका. आधी गोष्ट ऐका.

चांदेवाडीत रणनवरे म्हणून घराणं होतं. मोठा मान, आणि गोशाचं घर! म्हणजे काय? बाई लग्न होऊन एकदा उंबऱ्याच्या आत आली, की बाहेर पडायची ती चौघांच्या खांद्यावरूनच. रणनवरे मिशीला पीळ देऊन सांगायचे, "आमच्या सुनांचं नख सूर्यानंसुद्धा पाहिलेलं नाही." आणि या घराचं दैवत कोण, सांगा बरं? सूर्यनारायण! दर रविवारी अर्घ्य. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून दूध उतू घालवायचं, सगळा गाव जमायचा. पाटावर रक्तचंदनानं सूर्य काढायचा मान सुनेचा. तो कुठं बसून काढायचा? अंधाऱ्या माजघरात! ज्यानं आपल्याला पाहायचं नाही, त्याचं तोंड रंगवत बसायचं. काय म्हणावं या अकलेला?

बरं, आणखी एक ऐका. या घरच्या बायकांची चाल पंचक्रोशीत गाजलेली. तुम्ही म्हणाल, महाराज, गोशातल्या बायकांची चाल पाहिली कुणी? अहो, हळदीकुंकवाला गावच्या बायका आत जायच्याच की! आणि बायकांनी पाहिलं म्हणजे गावानं पाहिलं. सावकाश, डुलत चालायचं. पाऊल टाकलं की अंग त्या बाजूला झुकायचं, मग दुसऱ्या बाजूला. आया लेकींना दटावायच्या, "शेळीसारख्या उड्या काय मारतेस? चाल कशी रणनवऱ्यांची असावी!"

या घरात तेव्हा कर्ती बाई होती गजराबाई. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा मानसिंग, त्याची बायको द्वारका. द्वारका नवी नवरी होती तेव्हा घरभर भिरभिरायची. गजराबाई म्हणायची, "सूनबाई, पायाला भिंगरी बांधलीय का?" पुढं मुलगा झाला. त्याला तीन वर्षं अंगावर पाजलं, तो अंगणभर पळायला लागला, आणि द्वारकेला पुन्हा दिवस राहिले.

सातव्या महिन्यात एक दिवस द्वारका तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. सावकाश. डुलत. गजराबाई पाहतच राहिली. कौतुकानं म्हणाली, "आता कशा या घरच्या दिसता, सूनबाई."

द्वारका हसली नाही. तिनं भिंतीला हात टेकला. "आईसाहेब, मांड्यांची हाडं ठणकतात. बसलं की उठवत नाही. कूस बदलायची म्हटलं तरी जीव जातो."

मंडळी, गजराबाईनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. हे शब्द तिनं ऐकले होते! तिची थोरली जाऊ हेच म्हणायची. अशीच डुलत चालायची, सगळ्या घरानं तिचं कौतुक केलं, आणि त्याच माजघरात ती बाळंतपणात गेली. बाळ वाटेतच अडकलं. सुईण घामाघूम झाली, पण ना आई वाचली ना लेकरू. लोक म्हणाले, नशीब! नशिबाचं बरं असतं हो, त्याच्यावर काहीही ढकला, ते उलटून बोलत नाही. त्या दिवसापासून गजराबाईची नजर सुनेच्या पावलांवरून हलेना. द्वारका उठली की ही हातातलं काम टाकायची. जेवणावरची वासना उडाली. शेवटी तिनं तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं.

डॉक्टरीणबाई आल्या. दार लोटून द्वारकेला तपासलं. कमरेवर दाबलं, तशी पोर कळवळली. मग त्यांनी गजराबाईला विचारलं, "ही उन्हात कधी गेली होती?"

"आमच्यात जात नाहीत," गजराबाई म्हणाली. अभिमानानं म्हणायला गेली, पण आवाज बारीक आला.

"मग ऐका. तुम्ही जिला चाल म्हणता ना, तो आजार आहे."

आता कान इकडं द्या, ही बाई काय बोलली ते कीर्तनात सांगण्यासारखं आहे! आपल्याला वाटतं हाड म्हणजे दगड. एकदा झालं की झालं. खोटं! हाड जितंजागतं आहे. त्यात रक्त खेळतं. जुनं झिजलेलं हाड शरीर स्वतःच पोखरून काढतं आणि तिथं नवं भरतं, तुमच्या-माझ्या अंगात आत्ता या घडीला हे काम चाललंय. नव्या हाडाचा सांगाडा आधी मऊ असतो. त्यात चुना भरला की ते कडक होतं. चुना मिळतो दुधातून, तिळातून, नाचणीतून. पण नुसतं खाऊन भागत नाही! उघड्या कातडीवर ऊन पडलं की अंगात एक सत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेला चुना अंगी लागतो. ऊन नाही, तर दुधाचा हंडा प्यायलात तरी हाड कच्च्या विटेसारखं राहतं. त्यातून पोटातलं बाळ आईच्याच हाडातनं चुना ओढून घेतं, आणि अंगावर पाजलं की तोही तिथूनच जातो. मग कच्च्या हाडावर अंगाचा भार येतो, कमरेचं कडं आत दबतं आणि बाळाची वाट अरुंद होते.

"दबलं ते आता सरळ होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूल पोट उघडून काढावं लागेल, दवाखान्यात. तोवर माशाचं तेल द्या, दूध द्या आणि रोज उन्हात बसवा. हात, पाठ, मान उघडी ठेवून. नाही बसवलंत तर उठता-बसता हाड मोडेल, आणि बाळही कच्च्या हाडांचं निघेल."

गजराबाईनं मुलाला काय सांगितलं असेल? "दूध वाढवायला सांगितलंय." बस्स! उन्हाचं गिळून टाकलं, दवाखान्याचंही गिळलं. सून मेली तर? आणि सून उघड्या अंगणात बसलेली गावानं पाहिली तर? दोन्ही भीती एकाच छातीत. मग शहाणपण काय सुचलं, तर माजघराच्या छपराचं एक कौल काढलं. खाली भाकरीएवढं ऊन पडायचं. त्यात द्वारकेला बसवायचं, तेही पदर डोक्यावरून घट्ट! अहो, सूर्यनारायणाला भाकरीएवढी जागा देऊन वर त्याच्यावरच उपकार! ऊन सरकायचं, पोर त्याच्यामागं फरपटत सरकायची, आणि सासू दारात उभी राहून बघायची. दुखणं काही हटलं नाही.

आली रथसप्तमी. अंगणात गाव जमला, गोवऱ्या पेटल्या, दूध चढलं. आत द्वारका पाटावर सूर्य काढत होती. काढून झाला. उठायला गेली — आणि उठवेना. गुडघ्यावर हात रोवला, दात आवळले, पुन्हा खाली बसली. बाहेरून भटजींची हाक आली, "पाट आणा. दूध वर यायला लागलं."

द्वारका सासूकडं बघत हळूच म्हणाली, "आईसाहेब, मी यातून उठते का हो?"

जावेनंही हेच विचारलं होतं, मंडळी. आणि तेव्हा गजराबाई काय म्हणाली होती? "काही होत नाही, गप पडा." आज ती तसं म्हणाली नाही. ती वाकली, सुनेच्या काखेत हात घातला. "चल पोरी," म्हणाली. आजवर सुनेला अगं म्हटलं नव्हतं तिनं!

आणि दोघी उंबरा ओलांडून अंगणात आल्या. सगळ्या गावाच्या माना वळल्या. गजराबाईनं सुनेला पेटत्या गोवऱ्यांशेजारी उन्हात बसवलं, तिच्या डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, हात उघडे केले. द्वारकेनं डोळे गच्च मिटून घेतले. कित्येक वर्षांनी ऊन अंगावर आलं होतं, सोसेना.

भटजी चाचरत म्हणाले, "बाईसाहेब, पाट राहिला आत. सूर्य —"

"तो वर आलाय की," गजराबाई म्हणाली. "लाकडावर कशाला शोधता?"

मानसिंगाचं तोंड लाल झालं. जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आईसाहेब, सगळा गाव बघतोय. आत न्या तिला."

"तुझी थोरली चुलती याच चालीनं चालत सरणावर गेली," ती म्हणाली. "आम्ही तिची चाल वाखाणत बसलो. हिला मी दवाखान्यात नेणार आहे. गाडी जुंपणार आहेस, की मीच जुंपू?" तिकडं दूध उतू गेलं, कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढं महिनाभर द्वारका रोज उन्हात बसली. दुखणं उतरत गेलं. दिवस भरले, तशी गाडी तालुक्याला गेली. आत शस्त्रक्रिया, बाहेर ओट्यावर गजराबाई. देवाचं नाव घ्यायला जावं तर आठवेना, आठवत होती फक्त जाऊ. दार उघडेना. आतून आवाज येईना. मानसिंग खाली मान घालून नुसता येरझाऱ्या घालत होता. आणि मग रडणं ऐकू आलं — चांगलं खणखणीत! मुलगी. आईही वाचली. द्वारका पुढं जन्मभर थोडी लचकत चालली, दबलेलं हाड काही सरळ झालं नाही. पण चालली. शेतापर्यंत चालत गेली.

द्या आता माझ्या सवालाचं उत्तर. सोनं की लोणी? गोशा गेला म्हणता ना तुम्ही? बरं! मग तुमची आई कंबर धरून उठते तेव्हा काय म्हणते? "वय झालं." आणि तुम्ही काय म्हणता? काहीच नाही! पेपर वाचता! तिनं दूध कधी प्यायलं, उन्हात कधी बसली, डॉक्टरला कधी दाखवलं — आहे ठाऊक? आणि पोरीला उन्हात जाऊ नको, काळी होशील, असं कोण सांगतं? तुम्हीच ना?

बघा जरा या मंडपात. पुढं कोवळ्या उन्हात कोण बसलंय? पुरुष! आणि बाया कुठं? मागं, भिंतीच्या गारव्यात, ताडपत्री बांधून. ही सोय कुणी केली, विचारत नाही मी. पण आरती अशी होणार नाही. उठा, पुरुष मंडळी. गुडघे सांभाळून मागं जा. आयांनो, या पुढं, सावकाश या, हात धरा एकमेकींचा. तबक माझ्याजवळच आहे. तुम्ही सगळ्या उन्हात येऊन बसेपर्यंत मी कापूर लावत नाही.